गाडीचं नाक

अमेरिकेत गाडी ही चैनीची वस्तू नाही, ती चपलेच्या जातीची वस्तू आहे. नसेल तर घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. दूध आणायचं तरी गाडी, केस कापायचे तरी गाडी, आणि गाडी दुरुस्तीला टाकायची तरी दुसऱ्या कुणाची तरी गाडी. त्यामुळे डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा लागला की इथल्या देशी माणसाच्या पोटात गोळा येतो. 'चेक इंजिन'! इंजिनाचं छोटंसं चित्र, रंग पिवळा, माहिती शून्य. काय चेक करू, कुठून चेक करू, किती डॉलरचं चेक करू, काही म्हणजे काही सांगत नाही. आपल्यापैकी कुणी प्रोग्रॅममध्ये 'काहीतरी चुकलंय' एवढाच एरर मेसेज लिहिला तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढतात. इथे मात्र जगातले सगळे गाडीवाले गेली कित्येक वर्षं तोच मेसेज गुण्यागोविंदाने दाखवतायत.

आमच्या गाडीत हा दिवा २०२५ च्या मार्चमध्ये लागला. गाडी २०१० सालची, जपानी, चार सिलिंडरवाली, सेकंडहँड घेतलेली. मुहूर्त मात्र काय साधला बघा. त्याच्या बरोब्बर आठ दिवस आधी माझी नोकरी गेली होती. (सकाळी नऊचं मीटिंग इन्व्हाइट, अनोळखी एचआर बाई, सात मिनिटांत सगळं आटोपलं. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना कधी माहीत न होवो.) एच१बी व्हिसावर नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्यात नव्या कंपनीने तुमच्यासाठी पिटिशन दाखल केलं तर ठीक, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं.

त्यात गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर लिहिलं होतं, एप्रिल. न्यू जर्सीत पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दर दोन वर्षांनी सरकारी तपासणी असते. २०१० पासून साध्या गाड्यांचे ब्रेक वगैरे तपासणं बंद झालं, आता मुख्यतः धूर बघतात. धूर बघतात म्हणजे नळकांड्याला नाक लावत नाहीत, गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात, 'काय रे, बरा आहेस का?' दिवा लागलेला असेल तर नापास. आणि साठ दिवसांत काही जमलं नाही तर हीच गाडी विकून परतीची तिकिटं काढायची होती. पिवळा दिवा लागलेली गाडी विकायला गेलं की समोरचा भाव पाडतो. थोडक्यात, राहिलो तरी दिवा विझायला हवा होता आणि गेलो तरी.

गॅरेजवाल्याने सांगितलं, "दोन्ही ऑक्सिजन सेन्सर गेलेत. ८४० डॉलर." नोकरी असताना हा आकडा ऐकून मी फक्त हळहळलो असतो. नोकरी नसताना माणूस प्रत्येक रकमेचा भागाकार करतो. ८४० म्हणजे किती आठवड्यांचा किराणा, हे आमच्या हिने गाडीत बसेपर्यंत तोंडी काढलं होतं.

घरी आलो आणि वीस डॉलरचा ओबीडी डोंगल मागवला. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीत स्टिअरिंगच्या खाली एक ठरावीक सॉकेट असतं. त्यात हा डोंगल खुपसायचा, फोनला ब्लूटूथने जोडायचा, की पिवळ्या दिव्याच्या मागचं खरं बोलणं ऐकू येतं. आमच्या गाडीने दोन कोड सांगितले. पी०१४१, म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड. पी०१३३, म्हणजे पुढचा सेन्सर सुस्त झालाय, उत्तर उशिरा देतो.

आता हा सेन्सर करतो काय? तर नाकाचं काम. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. पेट्रोल जास्त झालं तर अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड निघतो, हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडं आवरत नाहीत. ती सगळी घाण साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर पुढे बसवलेला असतो, पण हे प्रमाण अगदी १४.७ च्या आसपास राहिलं तरच तो नीट काम करतो. म्हणून पुढचा सेन्सर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो, कॉम्प्युटर त्याप्रमाणे पेट्रोल कमीजास्त करतो, सेन्सर परत हुंगतो. मागचा सेन्सर कन्व्हर्टरच्या पलीकडे बसून कन्व्हर्टर कामं करतोय की नुसता हजेरी लावतोय ते बघतो. (प्रत्येक टीममध्ये असा एक असतो.)

आतली गंमत तर अजून भारी आहे. झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची एक टोपी, तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा थर. बाहेरून धूर, आतून साधी हवा. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये फरक असेल तर टोपी चक्क व्होल्टेज तयार करते. पेट्रोल जास्त तर ०.९ व्होल्टच्या जवळ, हवा जास्त तर ०.१ च्या जवळ. (पुढच्या जागी हल्ली यातलाच जास्त बारकाईने मोजणारा प्रकार असतो.) हे व्होल्टेज काढायचं समीकरण आपण सगळ्यांनी फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत रट्टा मारून पाठ केलंय. नर्न्स्ट इक्वेशन! सहा मार्कांना हमखास. वाल्थर नर्न्स्टने ते १८८९ मध्ये मांडलं, १९२० चं रसायनशास्त्राचं नोबेलही त्याला मिळालं. त्याच माणसाने १८९७ मध्ये झिर्कोनिया वापरून एक विजेचा दिवा केला होता. तो दिवा थंड असताना पेटायचाच नाही, आधी हीटरने तापवावा लागायचा. आमचा सेन्सरही तसाच. साधारण ३०० अंशांच्या वर तापला की मगच त्याला वास येतो, म्हणून त्याच्या पोटात हीटर असतो. आमच्या मागच्या सेन्सरचा तो हीटरच गेला होता. बॉशने बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांत पहिल्यांदा बसला, कारण कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम कडक होते. भारतात २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ आलं तेव्हापासून तर तो नव्या मोटरसायकलींच्या सायलेन्सरमध्येही दिसायला लागलाय.

त्याआधी आपल्याकडे हे काम माणसं करायची. बाबांच्या स्कूटरचा मिरजेचा मेकॅनिक स्पार्क प्लग काढून उन्हात धरायचा. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. काळं कुळकुळीत असेल तर "पेट्रोल जास्त खातीय", पांढरं फटक असेल तर "उपाशी चाललीय". मग कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे किंवा तिकडे. बस. नर्न्स्टचं नावही न घेता त्याने आख्खा फीडबॅक लूप हातात ठेवला होता.

असो. कोड मिळाला म्हणजे निदान झालं असं नाही, हे प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. अलर्ट आला म्हणून सर्व्हर बदलत नाही कुणी. कोड फक्त कुठे दुखतंय ते सांगतो, का दुखतंय ते नाही. म्हणून आधी हीटरचा फ्यूज बघितला. (दोन डॉलरचा फ्यूज गेलेला असताना शंभराचा सेन्सर बदलणारे लोक जगात आहेत.) फ्यूज ठणठणीत. मग सेन्सरचा कनेक्टर काढला. हीटरच्या दोन वायर बहुतेक एकाच रंगाच्या असतात, त्यांना मल्टिमीटर लावला. काही ओहम यायला हवे होते. मीटर म्हणाला, अनंत. म्हणजे आतली तार तुटली, विषय संपला. पुढच्या सेन्सरसाठी जरा जास्त वेळ लागला. सायलेन्सरच्या पाइपला भोक असेल, बाहेरची हवा कुठून आत येत असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. जोडांवर काजळीचे डाग कुठे नाहीत, आवाज नाही, फोनवर फ्युएल ट्रिमचे आकडे शून्याच्या आसपासच. मग ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडला आणि सेन्सरचा आलेख बघितला. सरकारी कार्यालयातली फाइल जशी हलते तसा तो हलत होता. दीड दशक नाकाने धूर ओढल्यावर दुसरं काय होणार?

दोन सेन्सर १६५ डॉलरला मिळाले, तेही गाडीत मुळात बसून येतात त्याच बनावटीचे. स्वस्तातले युनिव्हर्सल मिळतात, त्यांना वायर कापून जोडाव्या लागतात. ते घेतले नाहीत, कारण झिर्कोनियाच्या आतल्या बाजूला जी साधी हवा लागते ती बऱ्याच सेन्सरमध्ये वायरींच्या आतूनच जाते. जोड भलत्या पद्धतीने केला, किंवा कनेक्टरला ग्रीस चोपडलं, तर नाकच चोंदतं. खास सॉकेट, वायर बाहेर काढायला एका बाजूने चिरलेलं, २२ मिलिमीटरचं, आणि लांब दांड्याचा पाना ऑटो पार्ट्सच्या दुकानातून डिपॉझिट ठेवून उसने आणले. ते परत केले की सगळे पैसे परत. हे मला इथलं फार आवडतं.

आता जरा घरचं सांगतो. माझे बाबा मिरजेच्या एमआयडीसीत टर्नर. तीस वर्षं लेथवर उभे राहिले. मी लहानपणी वर्कशॉपच्या दारात गेलो की ते आतूनच ओरडायचे, "बाहेर थांब रे, कपडे खराब होतील." मी सांगलीला मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली तेव्हा त्यांना आनंद झाला, आणि कॅम्पसमधून आयटीत लागलो तेव्हा त्याहून जास्त झाला. एसीत बसून काम, हात स्वच्छ. मीही कधी तक्रार केली नाही. पण मेकॅनिकलची डिग्री घेतलेल्या, टर्नरच्या पोराने अख्ख्या आयुष्यात एकही गंजलेला नट सोडवला नव्हता, हेही खरं. आणि नोकरी गेल्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नव्हतं. काम मिळालं की सांगू, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

शुक्रवारी रात्री दोन्ही सेन्सरच्या बुडाशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं. शनिवारी सकाळी ड्राइव्हवेमध्ये गाडी जॅकवर चढवली, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे, आणि जॅक स्टँड. हे स्टँड न लावता नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही जाऊ नये, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा. डोळ्यांवर चष्मा हवाच, खाली झोपलं की गंजाचा पाऊस पडतो. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडीची खालची बाजू म्हणजे खारवलेला बोंबीलच! इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद केलं. धातू कोमट असला की आटे सुटायला सोपे जातात, फक्त हात भाजणार नाही इतपतच.

पुढचा सेन्सर वरूनच, बॉनेट उघडून हाताला येत होता. पाना लावला, जोर दिला, 'टक्क' असा आवाज आला आणि सुटला. वीस मिनिटांत नवा जागेवर. आमची ही टॉर्च धरून उभी होती, ती म्हणाली, "एवढ्याचे ४२० घेतात?"

मागचा मात्र हलेना. मी गाडीखाली उताणा, पान्यावर सगळं वजन टाकलेलं, आणि ते चिरलेलं सॉकेट जोर दिला की तोंड उघडायचं. नटाचे कोपरे गेले असते तर कामच संपलं असतं. मी बाहेर आलो, हात पुसले, आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला. सकाळचे नऊ, म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा. बाबा चहा पीत होते. त्यांनी आयुष्यात ऑक्सिजन सेन्सर पाहिलेला नाही. मी कॅमेरा गाडीखाली नेला.

"आधी घट्ट कर थोडा," बाबा म्हणाले.

"बाबा, काढायचाय."

"कळलं रे. गंज धरलाय. आधी घट्ट करायच्या बाजूला जरा दाब, मग सैल कर. झटका देऊ नको, नुसता दाब वाढवत ने."

केलं. काही नाही. सॉकेट पुन्हा पसरलं.

"तो पाना चिरलेला का आहे?"

"वायर बाहेर यायला जागा लागते म्हणून."

"हा सेन्सर परत वापरणार आहेस का?"

"नाही, मेलाय तो."

"मग वायर कशाला जपतोयस? काप ती. अन् अखंड रिंग पाना लाव."

मी दोन सेकंद गप्प. इंटरनेटवर तासन्‌तास वाचून मी सगळी हत्यारं जमवली होती आणि या माणसाने मिरजेत खुर्चीत बसून, बशी खाली न ठेवता, प्रश्नच बदलून टाकला होता! वायर कापली. २२ चा रिंग पाना आमच्या गुजराती घरमालक काकांकडे निघाला. (काकांनी वीस वर्षं मोटेल चालवलंय, त्यांच्याकडे नाही अशी वस्तू नाही. ते स्वतः पाना घेऊन आले आणि "बेटा, पाइप भी लगा" म्हणून एक लोखंडी पाइपही दिला.) पान्याच्या दांड्यावर पाइप चढवला, आधी घट्ट, मग सैल, हळूहळू दाब. आणि सुटला. तो आवाज फोनमधून मिरजेपर्यंत गेला असणार, कारण बाबा म्हणाले, "हां! झालं."

नवा सेन्सर बसवताना घ्यायची काळजी एवढीच. हातातून पाडायचा नाही, आतलं सिरॅमिक तडकतं. आट्यांवर अँटी-सीझ बहुतेक कंपनीनेच लावलेलं असतं, ते टोकाला लागू द्यायचं नाही. आधी पूर्ण हाताने फिरवायचा, वायरला पीळ बसू द्यायचा नाही, मग टॉर्क रेंचने शेवटचा दाब. आमच्या गाडीला साधारण ४० न्यूटन-मीटर, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

बाबांनी फोन ठेवला नव्हता. ते स्क्रीनमधून माझ्या काळ्या हातांकडे बघत होते. मग म्हणाले, "शनिवारी तू कायम ऑफिसच्या कॉलवर असतोस. आज निवांत दिसतोयस." आणि मग मी सांगितलं. ड्राइव्हवेमध्ये मांडी घालून, तेलकट हातांनी, सगळं सांगितलं. साठ दिवस, त्यातले किती गेले, सगळं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "आमचा कारखाना दोनदा बंद पडलाय रे. तेव्हा तू लहान होतास. हात चालू ठेवायचे." एवढंच. 'परत ये' नाही आणि 'काळजी करू नको' नाही.

काम झालं तरी तपासणीला लगेच पळायचं नाही, हे महत्त्वाचं. कोड पुसले की कॉम्प्युटरच्या स्वतःच्या सगळ्या चाचण्याही पुसल्या जातात आणि त्या पुन्हा पूर्ण होईपर्यंत सरकारी मशीन गाडी परत पाठवतं. आमच्या गाडीच्या वयाला फक्त एक चाचणी अपुरी चालते. चाचण्या पूर्ण करायला गाडी वेगवेगळ्या प्रकारे चालवावी लागते. रात्रभर थंड होऊ द्यायची, मग थोडं गावात, थोडं हायवेला एका वेगाने. टाकी पूर्ण भरलेली नको, रिकामीही नको. पाच दिवस मी रोज सकाळी गाडी घेऊन निघायचो आणि परत आल्यावर फोनवर बघायचो, कुठली चाचणी हिरवी झाली. मागच्या सेन्सरची रेषा ०.७ व्होल्टच्या आसपास शांत, सरळ. म्हणजे कन्व्हर्टरही धडधाकट.

तेव्हा एक गोष्ट जाणवली. थंड सेन्सरला वास येत नाही, तोवर इंजिन नुसत्या अंदाजावर पेट्रोल टाकत राहतं. त्याला ओपन लूप म्हणतात. माझे ते दिवस तसेच चालले होते. रोज पंधरा-वीस अर्ज पाठवायचे आणि कुठूनही काही परत यायचं नाही. नकारसुद्धा नाही. आपण कमी पडतोय की जास्त होतोय, काही कळायला मार्ग नाही. त्या सगळ्यात ही गाडी एकटी अशी होती की जिला मी काही केलं तर ती उत्तर द्यायची. उत्तर 'नाही' असलं तरी द्यायची. बाबांशी बोलल्यावरही तसंच झालं. त्यानंतर मी ओळखीच्या लोकांना स्वतः फोन करायला लागलो, आणि लोक बोलायला लागले.

तपासणीला गाडी गेली, माणसाने वायर लावली, दोन-चार मिनिटांत नवं स्टिकर. सरकारी केंद्रात फुकट. नव्या कंपनीचं पिटिशन त्रेपन्नाव्या दिवशी दाखल झालं, म्हणजे गाडी विकायची वेळ आली नाही. त्यात सेन्सरचा काही हात नाही, उगाच तसं म्हणणार नाही.

बाबांना बातमी सांगितली तेव्हा ते 'बरं झालं' म्हणाले आणि लगेच विचारलं, "तो जुना सेन्सर टाकला नाहीस ना?"

"नाही, आहे डब्यात. का?"

"डिसेंबरला येताना घेऊन ये. लेथवर कापून बघू, आत काय आहे ते. तूच काप. मी उभा राहतो शेजारी."